शेत विकून दुसरं दुकान काढू का?

आक्का, नमस्कार.

मी ३४ वर्षांची. माहेर निपाणीजवळचं, लग्न होऊन बेळगावात आले त्याला ११ वर्षं झाली. मिस्टर उद्यमबागेत फौंड्रीत आहेत. तीन वर्षांपूर्वी टिळकवाडीत कॉलेजच्या वाटेवर छोटा गाळा भाड्यानं घेऊन स्मूदीचं दुकान सुरू केलं. केळी, चिकू, पपई, आंबा, हंगामात जांभूळ, सोबत दही, ओट्स, खजूर. आधी लोक म्हणायचे, "मिल्कशेकच की हे!" आता मुलं नाव घेऊन येतात. उन्हाळ्यात दिवसाला शंभरच्या आसपास ग्लास जातात. हाताखाली दोन मुली आहेत.

मध्यंतरी ऑस्ट्रेलियातल्या जेनीन ॲलिस या बाईंबद्दल वाचलं. 'बूस्ट ज्यूस' ही त्यांची दुकानांची साखळी. धंद्याचा अनुभव नाही, पदरात तीन लहान मुलं, राहतं घर विकलं आणि आज देशोदेशी दुकानं. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. त्यातच कोल्हापूरचे एक गृहस्थ येऊन गेले. तुमच्या नावानं कोल्हापूर आणि गडहिंग्लजला दुकानं काढतो, नावाचे दोन लाख देतो म्हणाले. दीर म्हणतात, कडोलीचे आपल्या वाटणीचे २० गुंठे काढून टाकू, तू बेळगावातच आणखी दोन टाक. सासूबाई म्हणतात, आहे ते सांभाळ. मिस्टर काहीच बोलत नाहीत. मी काय करू?

– एक ज्यूसवाली, टिळकवाडी

ता. क. गेल्या पावसाळ्यात मुलगा तापानं फणफणला होता आणि मी दुकानात होते. जेनीनबाईंना कसं जमलं असेल?


प्रिय ज्यूसवाली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा शेतासाठी, दुसऱ्यांदा कोल्हापूरच्या गृहस्थांसाठी आणि तिसऱ्यांदा त्या ता. क. साठी. सही करून झाल्यावर जे लिहावंसं वाटतं तेच खरं बोचत असतं. त्याच्याकडे मी येणार आहे. पण आधी जेनीनबाईंकडे जाऊ, कारण त्यांच्या आयुष्यातलं एकच पान फाडून तू उशाशी घेतलं आहेस. नेमकं तेच पान झोप उडवणारं आहे.

घर विकल्याची गोष्ट खरी आहे. फक्त ती कधी घडली ते बघ.

जेनीनबाई मेलबर्नच्या एका उपनगरात साध्या घरात वाढल्या. कॉलेजचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. शाळा सुटली तशी जाहिरातीच्या कंपनीत लागल्या. विशी ओलांडल्यावर जग बघायला निघाल्या. परक्या देशात लोकांची मुलं सांभाळली, डेव्हिड बोवी या इंग्लिश गायकाच्या खासगी बोटीवर कामाला राहिल्या. बोटीवरचं काम म्हणजे दिवसभर पाहुण्यांची उठबस. कुणाला काय हवं ते त्यानं मागायच्या आत पुढे ठेवायचं. परत आल्यावर सिनेमागृहात नोकरी, नंतर सिनेमांच्या प्रसिद्धीचं काम. 'धंद्याचा अनुभव नाही' असं तू वाचलंस. हिशेबाच्या, गाळ्यांच्या बाबतीत ते खरंच असेल, पण लोकांसमोर उभं राहून लोकांना खूश ठेवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीला दहा-पंधरा वर्षांचा होता. नवरा जेफ रेडिओच्या धंद्यातला, म्हणजे नाव लोकांच्या तोंडी कसं बसवायचं हा त्यांच्या घरातला रोजचा विषय.

अमेरिकेत फिरताना त्यांना ज्यूसची दुकानं दिसली. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेत आखला. पहिल्या दुकानाचा पैसा मित्रमंडळींनी घातला. ते दुकान २००० साली निघालं तेव्हा त्या जवळपास तुझ्याच वयाच्या होत्या. आता हे नीट ऐक. राहायला त्या मेलबर्नला, आणि दुकान निघालं ॲडलेडला. मधलं अंतर सातशेवर किलोमीटर. आपल्या बेळगावहून बेंगळूर पाचशे, त्याच्याही पलीकडे. मला त्यांच्या साऱ्या गोष्टीत हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच कुणी सांगत नाही. मालकीण रोज काउंटरला उभी राहणार नाही, हे त्या दुकानाच्या नशिबी पहिल्या दिवसापासून होतं. मग ग्लासात किती फळ, किती बर्फ, सकाळी शटर कुणी उघडायचं, रात्री गल्ला कुणी मोजायचा, हे सगळं मालकिणीच्या हाताबाहेर ठेवूनच बसवावं लागलं असणार. घर विकलं ते नंतर, वाढ करायची वेळ आली तेव्हा.

पुढचं थोडक्यात सांगते. दुकानं भराभर वाढली. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या वर्षाच्या उद्योजिकेचा, 'टेल्स्ट्रा' या तिथल्या टेलिफोन कंपनीचा पुरस्कार त्यांना मिळाला. २०१० मध्ये धंद्यातला मोठा हिस्सा त्यांनी एका गुंतवणूक कंपनीला विकला, २०१४ मध्ये बेन कॅपिटल ही दुसरी आली. २०१५ पासून तिथल्या 'शार्क टँक'मध्ये त्या नव्या लोकांच्या धंद्यात पैसे घालायला बसल्या. म्हणजे शेवटी 'माझं दुकान' असं काही उरत नाही, हेही त्या वाटेवर येतं. तुला ते हवं आहे का, याचा विचार आज करायची गरज नाही, पण माहीत असू दे.

आणखी एकाची गोष्ट थोडी सांगते, कारण ती तुझ्यामाझ्या जास्त जवळची आहे. अमेरिकेत लुइझियाना राज्यात स्टीव्ह कूनाऊ नावाचा मुलगा थंड पेयांच्या काउंटरवर कामाला होता. दुसऱ्यांना शेक करून द्यायचा, पण स्वतःला दूध सोसायचं नाही. म्हणून घरी फळं आणि पौष्टिक पूड घोळून आपल्यापुरतं काहीतरी करून बघायचा. त्यातूनच १९७३ साली त्यानं बायकोबरोबर दुकान काढलं. तेच पुढे 'स्मूदी किंग' झालं. आपलं नाव दुसऱ्याला वापरायला द्यायला त्यांनी सुरुवात केली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस. मधली जवळजवळ पंधरा वर्षं ती दोघं आपलंच दुकान घट्ट करत होती. २०१२ साली त्यांनी कंपनी विकली ती वान किम यांना, आणि हे किम दक्षिण कोरियात त्याच नावाची दुकानं चालवत होते! ज्याला नाव दिलं तोच एक दिवस धनी झाला. नाव कुणाला द्यायचं याचा विचार करताना हे ध्यानात ठेव.

आता माझं ऐक. शहापुरात माझं मसाल्याचं दुकान होतं हे बेळगावातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट. १९९८ साली मी निपाणीत दुसरं काढलं. गाळा चांगला होता, बाजाराच्या तोंडाशी. चालवायला ठेवलेली बाई प्रामाणिक होती. मिरची तीच, थोडी संकेश्वरी, थोडी ब्याडगी, एकाच पोत्यातली. १४ महिन्यांत मी ते बंद केलं.

कारण कळायला मला बराच काळ लागला. एकदा ती बाई माझ्या शेगडीशी उभी राहून म्हणाली, "आक्का, मिरची किती वेळ भाजायची ते एकदा सांगा." मी म्हटलं, "वास सुटेस्तोवर." तिनं खाली मान घातली आणि "बरं" म्हणाली. माझ्या नाकाला जो वास सुटलेला कळायचा तो तिच्या नाकाला कसा कळावा? एक घाणा काळपट, दुसरा कच्चा. गिऱ्हाईक म्हणायचं, "हा बेळगावचा नव्हे." मी दर गुरुवारी एसटीनं जाऊन भाजून यायचे, म्हणजे गुरुवारचा मसाला चांगला आणि शनिवारचा वाईट. दोष तिचा नव्हता. मी दुसरं दुकान काढलं होतं, पण पहिलं दुकान माझ्या नाकात होतं, आणि नाक काही कापून निपाणीला ठेवता येत नाही.

तुझं दुकान कुठं आहे, ग? तुझ्या हातात की त्या दोन मुलींच्या हातात?

पत्रात तू पपई लिहिलीस म्हणून विचारते. पपई दुधात किंवा दह्यात फिरवून ठेवली की थोड्या वेळानं कडवट लागते. ताजं, न शिजवलेलं अननस घातलं तरी तेच. या फळांमधला रस दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतो आणि तो कडूपणा त्यातून येतो. चिकू, आंबा, केळं असलं काही करत नाहीत. तुला हे पुस्तकातून नसेल ठाऊक, पण हाताला ठाऊक असणार, कारण गिऱ्हाईक समोर उभं राहिल्याशिवाय तू पपई फिरवत नसशील. तुझ्या मुलींना ठाऊक आहे का? गर्दीच्या वेळी 'आधीच दोन जग करून ठेवूया' असं त्यांना वाटलं तर त्यांना कोण अडवणार? टिळकवाडीत तू अडवशील. गडहिंग्लजला कुणीच नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं आहे वहीचं. दोनशे पानी वही आण, आणि एक चांगला वजनकाटा, ग्रॅमवर चालणारा. 'चिकू दोन' असं लिहू नकोस, चिकू लहान-मोठा असतो. परवा तुझं पत्र वाचून मी मुद्दाम एक किलो चिकू आणले, सोलले, बिया काढल्या आणि गर तोलला. ७२० ग्रॅम भरला. त्यातले दोन आतून काळे निघाले ते आधीच बाजूला टाकले होते. म्हणजे किलोचा भाव तू देतेस, पण ग्लासात जातो तो पाऊण किलोहूनही कमी. तुझ्या चिकूच्या ग्लासाची किंमत तू कशावर ठरवली आहेस, किलोवर की गरावर? अशीच प्रत्येक फळाची एकेक ओळ हवी. केळं जवारी की लांब, सालीवर ठिपके आलेलं की नुसतं पिवळं. बर्फ किती ग्रॅम. मिक्सर किती सेकंद, कारण भांडं तापलं की बर्फ विरघळतो आणि शेवटच्या गिऱ्हाइकाला पाणी मिळतं. जांभळाचा गर खानापूरकडून येतो तो चार-सहा आठवडे, मग फ्रीजरात. लाईट गेली तर किती तासांपर्यंत चालेल आणि कधी टाकून द्यायचा. हे लिहिताना कंटाळा येईल. माझ्या मुलीनं माझ्याकडून मसाला लिहून घेतला तेव्हा तिच्यावर मी दोनदा ओरडले होते.

तुझ्या मिस्टरांना या कामात घे. ते बोलत नाहीत म्हणतेस, पण या घरात हा विषय सगळ्यात जास्त त्यांनाच कळतो. त्यांना विचार, फौंड्रीत कास्टिंग ओतायच्या आधी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा करतात तो नमुना, किती वेळा मापतात? त्यात एका सुताची चूक असेल तर ओतणाऱ्यानं कितीही जीव लावला तरी तीच चूक प्रत्येक नगात उतरते. पहिला नग तपासून पास झाल्याशिवाय पुढची ऑर्डर कुणी ओतत नाही. तुझी ती वही म्हणजे पॅटर्न. त्यांना वही दाखव आणि त्यांच्या हातानं एक ग्लास करून घे. रविवारी, घरी, तू शेजारच्या खोलीत बसून. तोंडानं काही सांगायचं नाही. जिथं ते "अगं, हे किती?" असं ओरडून विचारतील तिथं वहीत भोक आहे असं समज. मला वाटतं, त्यांच्या न बोलण्याचं कोडंही त्या रविवारी थोडं सुटेल.

दुसरं सांगणं पावसाचं. उन्हाळ्यात शंभर ग्लास जातात हे तू लिहिलंस, जुलैत किती जातात ते लिहिलं नाहीस. आपल्या बेळगावचा पाऊस तुला मी सांगायला नको. जून लागला की सप्टेंबरपर्यंत छत्री वाळत नाही, गार वारा सुटतो आणि माणसाला हवा असतो चहा. त्यात कॉलेजच्या परीक्षा आणि सुट्ट्या. तू तीन पावसाळे काढलेस, म्हणजे तुझ्याकडे हे आकडे असणारच, पण बहुधा ते डोक्यात आहेत. बारा महिन्यांचे बारा आकडे एका पानावर मांड. खाली भाडं, लाईट बिल, दोन मुलींचा पगार, फळ, दूध, फुकट गेलेला माल. आणि एक ओळ जी तू आजवर घातली नसशील: तुझा स्वतःचा पगार. तुझ्या जागी एखादी होतकरू बाई ठेवलीस तर तिला महिन्याला जे द्यावं लागेल ते. ते वजा करून काही उरतं का बघ. आज घर चालतंय ते मिस्टरांच्या पगारावर, दुकानातून तू काही घेत नाहीस, म्हणून दुकान नफ्यात दिसतं. दुसऱ्या दुकानात तू नसणार. तिथं ही ओळ दर महिन्याला रोख द्यावी लागेल, भर जुलैतसुद्धा.

हिशेब जमला आणि तरी दुसरं काढावंसं वाटलं, तर शेताच्या आधी बँकेचं दार आहे. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशु, त्याच्या वर ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण असे टप्पे आहेत, आणि त्यासाठी काही गहाण ठेवावं लागत नाही. बँकेचा साहेब पहिलं मागेल ते बारा महिन्यांचं पानच. तो 'नाही' म्हणाला तर का म्हणाला ते नीट विचारून घे, लाजू नकोस. तुझ्या हिशेबात काय कमी आहे ते तुला फुकटात कळेल.

कोल्हापूरच्या गृहस्थांबद्दल फार लिहीत नाही. आत्ता त्यांना नाव देऊ नकोस, पण दार आपटूही नकोस. चांगला माणूस असेल तर थांबेल. नाव अजून तुझं तरी आहे का ते आधी बघ. ट्रेडमार्कसाठी एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे साडेचार हजार रुपये लागतात. खाद्यसेवेचा वर्ग ४३, फळांच्या पेयांचा ३२. मंजूर झालं की अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं निश्चिंत. नोंदणी नसताना दोन लाख घेऊन तू नक्की काय विकणार आहेस? उद्या त्यांनी 'नवं' हा शब्द जोडून तेच नाव लावलं तर कुठं जाशील? फ्रँचायझीसाठी आपल्याकडे वेगळा असा कायदा नाही, दोघांमधला करार हाच कायदा. तेव्हा तो वकिलाकडून करून घ्यायचा, आणि नावाच्या एकरकमी पैशाबरोबर विक्रीतला वाटा, मालाचा दर्जा, तपासायला कधीही येण्याचा हक्क आणि वाईट चालवलं तर नाव काढून घेण्याची मुभा त्यात हवी.

शिवाय आपण सीमेवरची माणसं. निपाणीहून कागल हाकेच्या अंतरावर, भाषा तीच, पाहुणेरावळे तेच, म्हणून आपल्याला कोल्हापूर परकं वाटतच नाही. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की सरकार मात्र बदलतं. जीएसटीची नोंदणी राज्यागणिक वेगळी. तुझ्याकडून गर किंवा तयार मिश्रण तिकडे जाणार असेल तर तो राज्याबाहेरचा पुरवठा होतो, आणि लहान दुकानदाराला नोंदणीतून मिळणारी सूट तिथं चालत नाही. खाद्यपदार्थांचं एफएसएसएआयचं लायसन्सही जागेगणिक वेगळं. यातलं काही अवघड नाही, पण घरच्या बाजारात दुसरं दुकान जमल्याशिवाय हा व्याप अंगावर घेऊ नये. त्याच कारणानं दिरांची 'बेळगावातच काढ' ही सूचना मला कोल्हापूरपेक्षा शहाणपणाची वाटते. शेताचा भाग सोडून.

पाटीचाही विचार आताच करून टाक. कर्नाटकात २०२४ पासून दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं हे तुला ठाऊक असेल. नाव ठरवताना ते कन्नड अक्षरांत लिहून मोठ्यानं वाचून घे. तुझ्या गिऱ्हाइकात मराठी आहेत, कन्नड आहेत, खरेदीला आलेले गोव्याचे कोंकणीही असतील. तिघांच्या तोंडात सहज बसेल असं नाव असेल तर ते चार गावांत जाईल. मला माझी मराठी पाटी फार प्रिय होती, तुला तुझी असणारच. दुकानाच्या आत मराठीत बोल, मराठीत लिही, आणि कन्नड गिऱ्हाईक आलं की त्याच्याशी कन्नडमध्ये बोल. आपल्या बाजारपेठेत बायका वर्षानुवर्षं असाच धंदा करत आल्या आहेत.

आता ता. क.

जेनीनबाईंना कसं जमलं हे मला सांगता येणार नाही. सुरुवातीला त्यांना तीन मुलगे होते, पुढे एक मुलगी झाली, आणि धंदा वाढल्यावर जेफ नोकरी सोडून त्यांच्याबरोबर आले, एवढं बाहेरून दिसतं. कुणा बाईच्या घरात तापाच्या रात्री काय होतं ते मासिकात छापून येत नाही. म्हणून त्यांच्याशी तुलना करून स्वतःला बोल लावू नकोस.

मी माझं सांगू शकते. माझी मुलगी पाचवीत असताना तिचा वक्तृत्वात पहिला नंबर आला. बक्षीस समारंभ गुरुवारी होता. मी निपाणीत मिरच्या भाजत होते. संध्याकाळी घरी आले तेव्हा ती गणवेशातच झोपली होती, बक्षिसाचा पेला छातीशी धरून. माझ्या हाताला मिरचीचा खाट होता म्हणून मी तिच्या गालाला हातसुद्धा लावला नाही. ती आज दोन मुलांची आई आहे, तिला तो दिवस आठवतही नाही. मला आठवतो. पण तेव्हा मला वाटायचं की हे सगळं धंद्यासाठी सोसावंच लागतं. आज दिसतं, की मी वासाचं माप लिहून दिलं असतं तर त्या गुरुवारी मला निपाणीला जावंच लागलं नसतं.

तुझ्या मुलाला ताप होता तेव्हा त्याच्याजवळ आजी होती ना? मग तो एकटा नव्हता. तू वाईट आई नाहीस, आणि हे मी समजूत काढायला म्हणत नाही. पण तू त्या दिवशी दुकानातून उठू शकली नाहीस, का? गिऱ्हाईक जाईल म्हणून, की तुझ्याशिवाय ग्लास नीट होणार नाही म्हणून? दुसरं असेल, तर तुझं पत्र आणि ता. क. हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच.

वही पूर्ण झाली की आठवड्यातले दोन दिवस दुकानात जाऊ नकोस. सोमवार आणि गुरुवार धर. फोनही करू नकोस. त्या मुलींना आधी नीट शिकव, पगार दोनशे-पाचशेनं वाढव, त्यांच्यावर दोन दिवस सोपव, आणि तू घरी राहा. मुलाला शाळेतून तूच आण. पहिल्या महिन्यात विक्री पडेल, मन खाईल. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आदल्या दिवसाचा गल्ला, वापरलेलं फळ आणि फुकट गेलेलं फळ वहीत लिही. तुझ्या दिवसांचे आकडे आणि त्यांच्या दिवसांचे आकडे शेजारी शेजारी मांड. ज्या महिन्यात त्यांच्यातला फरक शोधून बघावा लागेल इतका लहान होईल, त्या महिन्यात दुसऱ्या गाळ्याची चौकशी सुरू कर. पण त्यात एक तरी अख्खा पावसाळा यायला हवा.

शेताचं म्हणशील तर दिरांवर रागावू नकोस. घरातली बाई धंद्यात पुढे जावी म्हणून शेत काढायला तयार होणारे दीर आजही किती घरांत आहेत? त्यांचे आभार मान. मग हळूच विचार, उताऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, वाटणी कागदावर झाली आहे की नुसती तोंडी? वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे. तुझ्या नणंदांना विचारलं का? तुझ्या ग्लासासाठी त्यांच्या मनात कायमची अढी बसायला नको. आणि सासूबाई 'आहे ते सांभाळ' म्हणतात त्यात मला भीतीपेक्षा त्या २० गुंठ्यांची माया जास्त ऐकू येते. त्यांनी तिथं रताळी लावली असतील, भात कापला असेल. त्यांच्याजवळ बसून एकदा विचार.

दिरांना एवढं सांग, की पुढचे गणपती होईस्तोवर शेताचा विषय नको. गणपती झाल्यावर सगळे मिळून वही घेऊन बसू.

आणि वही पूर्ण झाली की मला कळव. मी पपईचा ग्लास प्यायला टिळकवाडीत येणार आहे. सोमवारी किंवा गुरुवारी, तू दुकानात नसशील तेव्हा.

तुझी,
आक्का